वादळी पाण्याचा वास्तवाभास : संगणकनिर्मित निसर्गचित्रांची एक मर्यादा

संगणकनिर्मित निसर्गचित्रांतील पर्वत, ढग व धुके आता सहज विश्वसनीय वाटतात. खवळलेला समुद्र मात्र अनेकदा फसवा वाटतो. लाटा उंच असतात, आकाश काळवंडलेले असते, तरीही पाहणाऱ्याला भय वाटत नाही. या अपयशाचे कारण चित्रकाराच्या कौशल्यात शोधण्यापूर्वी तंत्राच्या मूळ गृहीतकात शोधणे आवश्यक आहे.

१९८६ साली फूर्निए व रीव्ह्ज यांनी गेर्स्टनरच्या एकोणिसाव्या शतकातील तरंगसिद्धान्ताच्या आधारे सागरलाटांचे संगणकीय प्रारूप मांडले. पुढे जेरी टेसेंडॉर्फ यांनी विशद केलेली, फूरिए रूपांतरावर आधारलेली पद्धत रूढ झाली. तीत वाऱ्याचा वेग व दिशा यांवरून असंख्य तरंगांची उंची संख्याशास्त्रीय रीतीने ठरते आणि त्यांच्या बेरजेतून समुद्राचा पृष्ठभाग सिद्ध होतो. मात्र ही बेरीज सौम्य उताराच्या लाटांनाच यथार्थपणे लागू पडते. खोल पाण्यातील लाटेची उंची तिच्या लांबीच्या सुमारे १/७ हून अधिक झाली की ती फुटते. १०० मीटर लांबीची लाट साधारणतः १४ मीटरपर्यंतच तग धरते. म्हणजेच वादळाचे नाट्य जेथे सुरू होते, तेथेच या गणिताचा अधिकार संपतो. टेसेंडॉर्फ यांनी लाटांचे माथे टोकदार करण्याची आणि पृष्ठभाग स्वतःवर दुमडतो तेथे फेस दाखवण्याची सोय सुचवली. तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ उंची वाढवणाऱ्या चित्रात निळ्या रंगाचे डोंगर तेवढे दिसतात.

प्रकाशाचाही विचार येथे महत्त्वाचा ठरतो. स्वच्छ पाणी समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परावर्तित करते, तर तिरप्या कोनातून जवळजवळ सर्व. म्हणून शांत समुद्र आरशासारखा भासतो. फेसातील हवेचे बुडबुडे मात्र प्रकाश विखुरतात; तेथे चकाकी नव्हे, निस्तेज शुभ्रता हवी. सर्वत्र सारखी चकाकी दिली की वादळाची काच होते.

आयवाझोव्स्कीच्या ‘नववी लाट’ (१८५०) या चित्रात लाटेच्या पातळ माथ्यातून प्रकाश पाझरतो. टर्नरच्या १८४२ च्या हिमवादळात पाणी, हिम आणि धूर यांच्या सीमाच पुसल्या जातात. आयवाझोव्स्की तर समुद्र स्मरणातून रंगवीत असे. लाटेचे मोजमाप दोघांकडेही नव्हते. पण वादळात पाणी आणि हवा परस्परांत मिसळतात, हे दोघांनीही नेमके ओळखले होते.

कणाधारित द्रवगतिकीय पद्धतींनी फुटणारी लाटही आज उभी करता येते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु क्षितिजापर्यंतच्या सागरासाठी त्या अतिशय खर्चिक ठरतात आणि फेस कोठे विरावा, क्षितिज कोठे हरवावे, हा निर्णय त्याही घेत नाहीत. तो निर्णय चित्रकाराचाच असतो. म्हणून अशा चित्राचे मूल्यमापन करताना लाट किती उंच आहे यापेक्षा ती कोठे व कशी फुटते, हे पाहणे अधिक उचित ठरेल.