पूर्वप्राथमिक शिक्षणातील मधली सुट्टी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पूर्वप्राथमिक शिक्षणाविषयीची चर्चा प्रामुख्याने माध्यम, अक्षरओळख आणि प्रवेशाचे वय या प्रश्नांभोवती फिरते. बालकांच्या शारीरिक हालचालींचा विचार झालाच, तर तो मधल्या सुट्टीपुरता मर्यादित राहतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या गृहीतकाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरा :
मधली सुट्टी ही मोठ्या मुलांच्या शाळेतील वेळापत्रकाची देणगी होय. तासिका म्हणजे शिक्षण आणि सुट्टी म्हणजे विश्रांती, ही विभागणी तिच्यात अनुस्यूत आहे. महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेला मात्र हा भेद मान्य नव्हता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मॉन्टेसरी विचाराच्या या देशी आविष्कारात हालचाल ही शिकण्याचीच रीत होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. अंगणवाडी जेथे एका खोलीत भरते, तेथे मात्र नावातले अंगण नावापुरतेच उरते.

निकष आणि मर्यादा :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या बालकाची दिवसभरात विभागून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी; त्यांपैकी ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार असावी. अर्ध्या तासाची सुट्टी पूर्णतः खेळात गेली, तरी ती या वेळेचा केवळ सहावा भाग भरते. त्यातच डबा खाणे आणि हात धुणे उरकायचे असते. मात्र हा निकषही अपुरा आहे. तो मिनिटे सांगतो. त्यांपैकी किती मिनिटांचे उत्तरदायित्व शाळेचे, हे सांगत नाही. परिणामी शाळा घराकडे आणि घर शाळेकडे बोट दाखवते.

रत्नागिरीचा संदर्भ :
रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. शाळेचे वर्षही जूनमध्येच सुरू होते. म्हणजे नव्याने दाखल झालेल्या बालकाचे पहिले चार महिने दाराबाहेरच्या पावसाकडे पाहण्यात जातात. जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. पाय घसरण्याची भीती अवास्तव नसते. अशा वेळी सुट्टी होते, हालचाल होत नाही. कोकणी घराने या अडचणीवर पडवीचा तोडगा पूर्वीच काढला आहे. शाळेच्या बांधकामात वर्गखोली मोजली जाते. पडवी मात्र क्वचितच आवश्यक मानली जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. पोषण आहार, वजनाच्या नोंदी आणि २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ सांभाळणाऱ्या सेविकेवर आणखी एक काम लादणे अन्यायाचे ठरेल. आक्षेप रास्त आहे. तथापि मागणी नव्या कामाची नसून, बसवून घेण्याचे काम कमी करण्याची आहे.

समारोप :
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत स्तरासाठी खेळाधारित शिक्षण स्वीकारले. परंतु खेळ सुट्टीच्या रकान्यात आणि शिक्षण तासिकेच्या रकान्यात राहील, तोवर हा स्वीकार कागदोपत्रीच राहील. सुट्टी वाढविणे हा अर्धा उपाय होय. हालचालीला पाठाचा दर्जा देणे आणि कोकणापुरते तरी तिला डोक्यावर छप्पर देणे, ही खरी निकड आहे.