धक्क्यावरचा बाजार : बाल्टिमोरच्या हार्बरप्लेसचा धडा

पाण्याकाठी दुकानं आणि खाण्याचे स्टॉल थाटले की मरगळलेलं शहर उठून बसतं, ही कल्पना आज सर्रास ऐकू येते. ती पारखायची तर अमेरिकेतल्या बाल्टिमोरकडे बघायला हवं.

विकसक जेम्स राउस आणि वास्तुरचनाकार बेंजामिन थॉम्पसन या जोडीनं १९७६ साली बॉस्टनचं जुनं क्विन्सी मार्केट नव्यानं उघडलं. त्याच धर्तीवर २ जुलै १९८० रोजी बाल्टिमोरच्या बंदरात हार्बरप्लेस सुरू झालं. गर्दी लोटली. पुढच्याच वर्षी राउस 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले.

रचनेचं श्रेय आम्ही नाकारत नाही. दोन ठेंगणे, काचेचे मंडप; इमारतीपेक्षा पाण्याला मान दिलेला. ओसाड पडलेल्या बंदराकडे लोक पुन्हा वळले, ही गोष्ट लहान नाही.

आमचा आक्षेप 'बाजार' या शब्दाला आहे. बाजार म्हणजे काय? जिथं माणूस गरजेपोटी पुन्हा पुन्हा जातो ती जागा. त्याच शहरातलं लेक्सिंग्टन मार्केट आपलं मूळ १७८२ पर्यंत सांगतं. ते टिकलं रोजच्या गिऱ्हाइकावर. हार्बरप्लेस उभं होतं पाहुण्यांच्या कुतूहलावर. पुढे तिथं साखळी दुकानं आली, म्हणजे जे कुठंही मिळतं तेच इथंही मिळू लागलं. मग मुद्दाम यायचं कशाला? २०१९ साली मालमत्ता न्यायालयानं नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेली. ओहायोतल्या टोलिडोमध्ये तर राउस यांच्याच दुसऱ्या कंपनीचा पोर्टसाइड बाजार १९८४ ला उघडला आणि १९९० ला बंद पडला.

आता बघा, धक्क्याची ही जागा सार्वजनिक. म्हणून १९७८ साली दुकानांसाठी नागरिकांचं मत घ्यावं लागलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि तिथं घरं बांधायला वाट मोकळी झाली. राहणारी माणसं आली की रोजची गरजही येईल, हा युक्तिवाद आम्हाला निम्मा पटतो. पण सगळ्यांचा काठ मोजक्यांच्या खिडकीखालचं अंगण झाला, तर शहरानं काय कमावलं?

म्हणून अशा प्रकल्पाचं मूल्यमापन उद्घाटनाच्या गर्दीवरून करू नये. फेब्रुवारीतल्या थंडीत, आडवारी, तिथं कोण येतं आणि कशासाठी येतं, एवढंच विचारावं.