वेल्श नॅशनल ऑपेरा : पुरुष गायकांची आठ दशके

वेल्श नॅशनल ऑपेरा ही वेल्सची राजधानी कार्डिफ येथील ऑपेरा कंपनी १९४३ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक इड्लॉइस ओवेन एकेकाळी खाणकामगार होते. पुढे ते गायनशिक्षक आणि संगीत-संचालक झाले. एप्रिल १९४६ मध्ये कार्डिफच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात कंपनीने ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ आणि ‘पाल्याच्ची’ या दोन छोट्या ऑपेरांचा प्रयोग करून पडदा उघडला. कोरसमध्ये खाणींतले, पोलादाच्या कारखान्यांतले, शाळांतले आणि दुकानांतले हौशी गायक होते. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी तालीम असा त्यांचा क्रम होता. चॅपलमधले सामूहिक गायन आणि गावोगावची पुरुष गायकवृंदांची परंपरा हे त्यांच्या पाठीशी असलेले भांडवल.

लंडनमधले मोठे ऑपेरागृह नावारूपाला आलेल्या गायकाला बोलावू शकते. वेल्श नॅशनल ऑपेरासारख्या प्रादेशिक कंपनीची तेवढी ऐपत नसते. तिला गायक आधी ओळखावा लागतो, मग घडवावा लागतो. म्हणून किती तारे निर्माण केले एवढ्यावर तिचे मोजमाप करणे अपुरे आहे. योग्य गायकाला योग्य वयात योग्य भूमिका मिळाली का, हा खरा निकष. पाश्चात्त्य ऑपेरात टेनर हा पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज, बॅरिटोन मधला आणि बास खर्जातला. प्रियकर, बाप, राजा, धर्मगुरू या भूमिका बहुधा या जातींप्रमाणे वाटल्या जातात. जड आवाज पिकायला वर्षे लागतात, आणि वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरा-चतुष्टयातला वोटान विशीतच गायला घेतला तर आवाज कायमचा बसू शकतो. कोणती भूमिका द्यायची याइतकेच कोणती अजून द्यायची नाही हेही कंपनीला कळावे लागते.

पहिल्या दोन दशकांत कोरस हेच कंपनीचे बलस्थान होते. व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’मध्ये कोरसला मोठे स्थान आहे. १९५२ मध्ये कंपनीने ही तेव्हा ब्रिटनमध्ये क्वचितच होणारी ऑपेरा उभी केली आणि तिच्या जोरावर नाव मिळवले. याच ऑपेरातून दोन मोठ्या कारकिर्दी सुरू झाल्या. न्यूझीलंडहून आलेले डोनाल्ड मॅकिंटायर १९५९ मध्ये त्यातल्या झाक्कारिया या धर्मगुरूच्या भूमिकेत पहिल्यांदा व्यावसायिक रंगमंचावर आले, तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. पुढे लंडनची सॅडलर्स वेल्स व कोव्हेंट गार्डन ही ऑपेरागृहे आणि जर्मनीतला बायरॉइटचा वाग्नर महोत्सव असा त्यांचा प्रवास झाला. १९७६ मध्ये बायरॉइटला ‘रिंग’ चतुष्टयाच्या शताब्दीनिमित्त पात्रिस शेरो यांनी बसवलेल्या प्रयोगात वोटान तेच होते.

दुसरे स्टुअर्ट बरोज. किल्व्हनिद या खाणगावातले हे शालेय शिक्षक राष्ट्रीय आयस्टेद्वॉद या वेल्श साहित्य-संगीत महोत्सवात विजेते ठरले होते. १९६३ मध्ये ते ‘नाबुक्को’मध्ये इस्माएले म्हणून उभे राहिले. आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ते मोझार्टचा डॉन ओत्ताव्हियो गात होते. लांब श्वास आणि न थरथरणारी मुलायम ओळ यांमुळे मोझार्टच्या टेनर भूमिकांत त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. त्यांच्याच गावातले, त्यांच्याच गल्लीतले थोर बॅरिटोन गेराइंट इव्हान्स मात्र १९४८ मध्ये थेट कोव्हेंट गार्डनमध्ये उभे राहिले. कार्डिफची कंपनी तेव्हा हौशी होती आणि पूर्णवेळ गायकाचा चरितार्थ तिच्यावर चालणे शक्य नव्हते. एकाच गल्लीतल्या या दोन वाटांतून पंधरा वर्षांत कंपनी कुठवर आली ते दिसते.

१९७० मध्ये कंपनीने स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि त्यानंतर लवकरच कोरसही पूर्णपणे व्यावसायिक झाला. रिचर्ड आर्मस्ट्राँग १९७३ ते १९८६ या काळात संगीत-संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत एकाच संचातल्या गायकांवर वर्षानुवर्षे मेहनत घेण्याची पद्धत रुजली. मर्थर टिडव्हिलचे बॅरिटोन फिलिप जोल हे तिचे उत्तम फळ. रेजिनाल्ड गुडॉल यांच्या संचालनाखाली १९७९ मध्ये वाग्नरचे ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ झाले, आणि पुढे डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने ते ध्वनिमुद्रित केले. त्या मुद्रणात जॉन मिचिन्सन ट्रिस्टान, जोल कुर्व्हेनाल आणि वेल्श बास ग्विन हॉवेल राजा मार्के आहेत. १९८३ च्या ‘पार्सिफाल’मध्ये जोल आम्फोर्टास झाले, गुर्नेमान्झ गायला मॅकिंटायर परतले. सुरुवात इथे करून जगभर गाजलेला गायक ज्येष्ठ भूमिकेसाठी पुन्हा त्याच कंपनीत येतो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या तरुण गायकाचे शिक्षणही होते. गुडॉल यांची लय अतिशय संथ असे. ती पेलण्यासाठी लागणारा दमसास लांबलचक तालमींतूनच येतो आणि अशा तालमी कायमस्वरूपी संच असलेल्या कंपनीलाच परवडतात.

१९८६ मध्ये कंपनीने आपली संपूर्ण ‘रिंग’ कोव्हेंट गार्डनला नेली. वोटान होते फिलिप जोल आणि सीगफ्रीड होते जेफ्री लॉटन. त्याच वर्षी जर्मन दिग्दर्शक पेटर श्टाइन यांनी बसवलेल्या ‘ओतेल्लो’तही मुख्य भूमिका लॉटन यांचीच होती. त्यांच्या आवाजात इटालियन झळाळी नव्हती, पण अंगावर घेतलेली भूमिका शेवटपर्यंत खरी ठेवण्याची ताकद होती. श्टाइन यांच्या १९८८ च्या ‘फाल्स्टाफ’मध्ये स्कॉटिश बॅरिटोन डोनाल्ड मॅक्सवेल यांनी नायक रंगवला. १९९२ मध्ये पिएर बुलेझ यांच्या संचालनाखाली ‘पेलेआस ए मेलिसांद’ झाले, तेव्हा मॅक्सवेल यांनी संशयाने पोखरलेला गोलो उभा केला आणि नील आर्चर पेलेआस झाले. नट म्हणून गायकाकडून एवढी अपेक्षा या कंपनीत आधी क्वचितच झाली होती. मॅक्सवेल आणि आर्चर यांचे हे काम चित्रमुद्रणात उपलब्ध आहे आणि आजही अभ्यासण्याजोगे आहे.

या पायावर ब्रिन टेर्व्हेल यांची कारकीर्द उभी राहिली. उत्तर वेल्समधल्या पांटग्लासच्या शेतकरी कुटुंबातला हा बास-बॅरिटोन १९८९ च्या ‘कार्डिफ सिंगर ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत गीतगायनाचे पारितोषिक मिळवून पुढे आला. मुख्य पारितोषिक रशियन बॅरिटोन दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की यांना मिळाले. १९९० मध्ये कंपनीने टेर्व्हेल यांना ‘कोसी फान तुत्ते’मधला गुल्येल्मो दिला आणि त्याच हंगामात फिगारोही दिला. १९९३ मध्ये ते ‘फाल्स्टाफ’मधला फोर्ड गायले, २००८ मध्ये खुद्द फाल्स्टाफ. वाग्नरच्या ‘डी माइस्टरझिंगर’मधला हान्स झाक्स ही बास-बॅरिटोनसाठी सर्वांत लांब भूमिकांपैकी एक. ती पहिल्यांदा गाण्यासाठी त्यांनी २०१० मध्ये कार्डिफच निवडले. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. मोझार्टपासून वाग्नरपर्यंत वीस वर्षांची ही चढण टप्प्याटप्प्याने झाली, म्हणूनच झाक्स गाताना त्यांचा शब्द शेवटच्या अंकापर्यंत ताजा राहिला.

या इतिहासावरून वेल्स ही जन्मतःच गायकांची भूमी असल्याचा समज पक्का करणे सोपे आहे, पण तो अर्धाच खरा आहे. मॅकिंटायर न्यूझीलंडचे, मॅक्सवेल स्कॉटलंडचे, तर मिचिन्सन आणि लॉटन इंग्लंडचे. मातीने कोरस दिला. नायक घडले ते संचालक, तालमी आणि सलग मिळालेल्या कामामुळे.

नेमका हाच पाया आज डळमळला आहे. वेल्सबाहेरच्या इंग्लिश शहरांतल्या दौऱ्यांसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून मिळणाऱ्या अनुदानात २०२२ मध्ये सुमारे एक तृतीयांश कपात झाली. लिव्हरपूलचे प्रयोग लगेच थांबले, दौरे आखडले. कोरस आणि वाद्यवृंद यांचे पूर्णवेळ करार कमी करण्याचे प्रस्ताव आले आणि गायक-वादकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला. तरीही कलेचा दर्जा घसरलेला नाही. २०२४ च्या ‘डेथ इन व्हेनिस’मध्ये मार्क ले ब्रॉक यांनी आशेनबाखची जवळजवळ अखंड रंगमंचावर राहणारी भूमिका ताकदीने निभावली. २०२५ मध्ये निकी स्पेन्स यांचा पीटर ग्राइम्स गाजला.

मात्र हे दोघेही आधीच घडलेले गायक आहेत. प्रयोगांची संख्या घटते तेव्हा सर्वांत आधी जातात त्या लहान आणि मधल्या भूमिका: इस्माएले, गुल्येल्मो, फोर्ड. बरोज आणि टेर्व्हेल याच पायऱ्या चढून वर गेले. मोजक्या प्रयोगांसाठी तयार गायक बाहेरून आणता येतो, पण चोविशीतल्या गायकाला वीस वर्षे वाढू देणारे घर तसे आणता येत नाही. येत्या काळात कंपनीचे यश जोखायचे असेल, तर मुख्य भूमिकेतल्या नावाबरोबर दुय्यम भूमिका कोणाला मिळाल्या आणि तो गायक पुढच्या हंगामातही कंपनीत होता का, हेही पाहावे लागेल.