कॉन्ट्रा नाचातले लार्क आणि रॉबिन

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात रुजलेल्या कॉन्ट्रा नाचात समोरासमोर दोन लांब ओळी असतात, साथीला फिडल असते आणि मंचावरून ‘कॉलर’ पुढची हालचाल पुकारत असतो. चौसष्ट ठोक्यांचे आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. लगेच प्रत्येक जोडी नव्या जोडीसमोर येते आणि तोच नाच पुन्हा सुरू होतो. पुकारा हालचालीच्या आधी, मोजक्या ठोक्यांत बसवावा लागतो. त्यामुळे नाचणाऱ्याला कोणत्या नावाने पुकारायचे, हा इथे लयीचाही प्रश्न आहे.

जॉन प्लेफर्डच्या इंग्लिश कंट्री डान्सवरच्या १६५१ सालच्या पुस्तकातही सूचना पुरुष आणि स्त्रिया अशाच आहेत. तीच रीत पुढे ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ होऊन कॉन्ट्रात आली. पुरुष कमी पडले की बायका खुशाल जेंट म्हणून नाचत, पण तो तात्पुरता इलाज समजला जाई. समलिंगी नर्तकांनी तो इलाज मानायला नकार दिला. बोस्टनच्या जमैका प्लेन भागात दंडाला फीत बांधलेले आणि न बांधलेले, एवढाच भेद ठेवून नाच होऊ लागले.

आज बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन ही पक्ष्यांची नावे चालतात. रॉबिनच्या जागी आधी रेव्हन होता. ही जोडी मला मनापासून पटते. इंग्रजी आद्याक्षरांतच डावे-उजवे आहे: जोडीने गिरकी घेतली की लार्क डावीकडे थांबतो, रॉबिन उजवीकडे. शिवाय लार्क जेंट्ससारखा एका झटक्यात उच्चारता येतो आणि रॉबिन लेडीजइतकाच वेळ घेतो, म्हणजे कॉलरच्या जिभेवर बसलेली लय मोडत नाही. जुनी नावे नाचणारा कोण आहे ते सांगत. ही नावे त्याने गिरकीनंतर कुठे असायचे ते सांगतात. नवख्याला हेच तर हवे असते.

दुसरा मार्ग नावेच टाकून जागेवरून पुकारण्याचा. इंग्लिश कंट्री डान्समध्ये तो शोभतो, कारण तिथे कोपरे आणि ओळी ध्यानात राहतात. कॉन्ट्रात मात्र गिरक्यांमुळे माणसे सतत इकडची तिकडे होतात आणि पुकारा लांबत जातो.

पण नावे बदलली म्हणून भूमिका बदलल्या असे नाही. ‘लेडीज चेन’ आता ‘रॉबिन्स चेन’ झाली. दोघी रॉबिन उजवा हात देऊन पलीकडे जातात, तिथला लार्क डावा हात धरतो, उजवा हात तिच्या पाठीवर ठेवतो आणि तिला फिरवतो. फिरवणारा अजून लार्कच, फिरणारी रॉबिनच. आणि मी सुद्धा इथे नकळत ‘तो’ आणि ‘ती’ लिहून गेले. वास्तविक हे वळण दोघांनी एकमेकांचा तोल पेलत घ्यायचे असते. बहुतेक कॉलर नवख्यांना सुरुवातीच्या वर्गात एकच बाजू शिकवून मोकळे करतात. त्याच वर्गात, पहिल्याच संध्याकाळी, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी ही चेन करायला लावली पाहिजे.