‘शेवटचे’ हे ठरवलं कुणी? लामालेरा गावावरची दोन पुस्तकं

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘लोप पावत चाललेली’ असे शब्द होते. गाईडनी नेमकी त्यांच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, “अजून फील्डवर गेला नाहीस. लोप पावतंय हे कळलं कसं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे एकाच गावावरची दोन पुस्तकं लागोपाठ वाचली, तेव्हा त्या प्रश्नाचं वजन कळलं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल, म्हणून आज त्या दोन पुस्तकांबद्दल.

आधी गाव समजून घेऊ. इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात लेम्बाता नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून लामालेरा वसलंय. जमीन खडकाळ आणि उताराची, शेतीतून पोट भरत नाही. म्हणून माणसं समुद्रात जातात आणि हार्पूननं देवमासे मारतात, तेही स्पर्म व्हेलसारखे प्रचंड. देवमासा दिसला की गावभर ‘बालेओ’ अशी आरोळी उठते. होडीच्या टोकावर उभा असलेला लामाफा, म्हणजे हार्पून चालवणारा, हार्पूनसकट देवमाशाच्या अंगावर झेप घेतो. मांसाचा कुठला तुकडा कुणाचा हे कुळाप्रमाणे आणि होडीतल्या वाट्याप्रमाणे ठरलेलं असतं. मग बायका सुकवलेलं मांस घेऊन डोंगरातल्या गावांत जातात आणि त्याच्या बदल्यात मका आणतात. जवळच्या वुलांदोनीच्या आठवडी बाजारातही वस्तूला वस्तू असाच व्यवहार चालत आलाय.

आता पुस्तकं. पहिलं, मानववंशशास्त्रज्ञ आर. एच. बार्न्स यांचं ‘सी हंटर्स ऑफ इंडोनेशिया’ (1996). दुसरं, पत्रकार डग बॉक क्लार्क यांचं ‘द लास्ट व्हेलर्स’ (2019). दोन्ही वाचाच. पण वाचण्याआधी त्यांची उपशीर्षकं शेजारी शेजारी ठेवून बघा.

बार्न्स यांचं उपशीर्षक आहे ‘फिशर्स अँड वीव्हर्स ऑफ लामालेरा’, म्हणजे मासे मारणारे आणि विणणाऱ्या. क्लार्क यांच्या अमेरिकी आवृत्तीच्या उपशीर्षकात ‘फार पॅसिफिक’, ‘करेजस ट्राइब’ आणि ‘व्हॅनिशिंग वे ऑफ लाइफ’ असे तीन शब्दप्रयोग येतात. पहिलं उपशीर्षक माणसं काय काम करतात ते सांगतं. दुसरं, त्यांचं काय होणार ते सांगून मोकळं होतं. शिवाय नकाशा उघडा. सावू समुद्र फ्लोरेस, सुम्बा आणि तिमोर यांच्या मधे आहे, दक्षिणेला हिंदी महासागराला मिळतो. त्याला ‘दूरचा पॅसिफिक’ म्हणायचं ते कुणाच्या घरापासून मोजून?

क्लार्कवर अन्याय करायचा नाही. त्यांनी गावात अनेकदा जाऊन, लांब मुक्काम करून काम केलंय. लामाफा व्हायची आस धरलेला अनाथ तरुण, परंपरेच्या चौकटीबाहेर आयुष्य शोधणारी त्याची धाकटी बहीण, गाव एकत्र ठेवू पाहणारा म्हातारा शामान: ही माणसं पुस्तक मिटल्यावरही डोक्यातून जात नाहीत. बार्न्स यांच्या पुस्तकात होडीचे भाग, वाटे, कुळं, लग्नसंबंध, व्यापार सगळं आहे, पण अशा मुलीला रात्री झोप का लागत नाही, हे तिथे सापडायचं नाही. हे क्लार्कचं खरं यश.

अडचण पुढे आहे. क्लार्क स्वतः कथनातून जवळपास बाहेर राहतात. माणसांच्या मनातलं आपल्याला थेट ऐकू येतं, पण विचारणारा दिसत नाही. मग ‘हे संपतंय’ हे वाक्य कुणाचं? गावातल्या म्हाताऱ्याचं, शाळा शिकलेल्या पोरीचं, की लेखकाचं? कादंबरीत हे चालतं. संशोधनात वाक्य कुणाचं आहे हे सांगावं लागतं. योहान्नेस फेबियन यांनी ‘टाइम अँड द अदर’ (1983) मध्ये हाच आक्षेप मानववंशशास्त्रावर घेतला होता: आपण ज्यांचा अभ्यास करतो त्यांना आपल्याच काळात जगू देत नाही, मागच्या काळात नेऊन बसवतो.

लामालेराचा पुरावा मात्र या ‘मागच्या काळात’ बसत नाही. 1970च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं तिथे आधुनिक बोट आणि नॉर्वेचा अनुभवी शिकारी पाठवला. प्रकल्प काही वर्षांत गुंडाळला, गावच्या होड्या राहिल्या. पुढे इंजिनाच्या छोट्या बोटी आल्या. एका इंजिनाच्या ब्रँडवरून लोक त्यांना ‘जॉन्सन’ म्हणू लागले. त्यांचा वापर कुठवर करायचा यावर गावात वाद झाले आणि तोडगाही निघाला: जॉन्सननं पारंपरिक होडीला, म्हणजे तेनाला, ओढत न्यायचं, पण देवमाशावर झेप तेनावरूनच घ्यायची. आता सांगा, हे लोप पावणं झालं की नियम बनवणं? क्लार्कच्या पुस्तकात हे वाद रंगून आलेत. म्हणजे पुरावा त्यांच्याकडेच होता, शीर्षकानं मात्र तो एका बाजूला झुकवला.

आणि गावाबाहेर पडलेल्यांचं काय? गोरिस केराफ 1936 साली लामालेरात जन्मले. 1978 मध्ये त्यांनी लामालेराच्या बोलीच्या रूपविचारावर डॉक्टरेट केली. त्यांची व्याकरणाची आणि लेखनाची पुस्तकं इंडोनेशियाभर विद्यार्थ्यांनी वापरली. म्हणजे ज्याला आपण ‘फील्ड’ म्हणतो त्या गावाचा मुलगा बार्न्स यांचं पुस्तक यायच्या कितीतरी आधी त्याच गावावर प्रबंध लिहून बसला होता! याच गावचे सॉनी केराफ 1999 ते 2001 या काळात देशाचे पर्यावरणमंत्री होते. देवमासे मारणाऱ्या गावाचा माणूस पर्यावरणमंत्री! ‘शेवटचे’ या चौकटीत या दोघांना ठेवणार कुठे?

विणणाऱ्या बायकांचंही तेच. रूथ बार्न्स यांनी लामालेराच्या इकत कापडावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं (1989). या भागातल्या इकतच्या नक्षीवर गुजरातच्या पटोळ्यांचा ठसा आहे, कारण पटोळे शतकानुशतकं व्यापारातून तिकडे पोचत होते. जगापासून तुटलेलं गाव असं नसतं.

“शब्दावरून एवढं काय?” असं वाटत असेल, तर खरा धोका पुढे आहे. स्पर्म व्हेलची गणना आज असुरक्षित प्रजातींत होते. सावू समुद्रात 2009 मध्ये संरक्षित क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा गावकऱ्यांच्या विरोधामुळे लामालेराजवळचा समुद्र त्यातून वगळला गेला. 2014 मध्ये इंडोनेशियानं मांटा रे या माशांना पूर्ण संरक्षण दिलं, आणि लामालेराचे लोक मांटाही मारत आलेत. देवमासे वाचले पाहिजेत आणि गावही जगलं पाहिजे, हा पेच खरा आहे. अशा पेचात गावाच्या हातात एकच कागद उरतो, ‘आमची परंपरा’. आपण लेखकांनी ती परंपरा म्हणजे न बदलणारी, मरणपंथाला लागलेली वस्तू असं लिहून ठेवलं, की गाव दोन्हीकडून अडकतं. इंजिन लावलं तर ‘हे आता पारंपरिक राहिले नाहीत’, न लावलं तर ‘हे तसेही संपणारच’. शाळेत गेलेल्या पोरीला तर या वाक्यात जागाच नाही. ती गेली तरी ऱ्हास, राहिली तरी ऱ्हास.

म्हणून माझं मत असं: माणसं ओळखायला क्लार्क वाचा, आणि त्यांचा प्रत्येक निष्कर्ष बार्न्सच्या तपशिलाशी ताडून बघा. बार्न्स कंटाळवाणे वाटतील. वाटू द्या. होडीतला कुणाचा वाटा किती हे माहीत नसेल, तर एक मुलगा गावातून गेल्यानं नेमकं काय बदलतं हे सांगता येत नाही.

आणि आज रात्री आपली सिनॉप्सिस उघडा. कोळीवाडा असो, बोली असो, एखादी कला असो. ‘शेवटचे’, ‘लुप्त’, ‘नामशेष’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. हे कोण म्हणतंय? कशाच्या मोजणीवरून? आणि तिथल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना आपण उद्याबद्दल काही विचारलंय का? तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी राहिली, तर शब्द खोडा. मी खोडला. शीर्षक थोडं फिकं झालं, पण प्रश्नावलीत चार नवे प्रश्न आले.