उसना आकार, आपले प्रयोजन

गोमंतकातील देवालय प्रथमच पाहणाऱ्या परप्रांतीय यात्रेकरूच्या तोंडून एक प्रश्न हटकून निघतो: हे देऊळ की इगर्ज? शिखराच्या जागी घुमट, भिंतींत कमानीच्या खिडक्या, वर नक्षीदार कठडे. त्याचे आश्चर्य आम्हांस समजते. त्यामागे दडलेला अनुकरणाचा आक्षेप मात्र आम्हांस मान्य नाही.

आक्षेपाला धार आहे खरी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. ज्यांच्या भयाने देव हलवावे लागले, त्यांच्याच प्रार्थनागृहांचे आकार पुढे देवळांवर कसे चढले?

उत्तर खुद्द वास्तूच देतात. जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटनच्या इगर्जीत घुमटाखालची जागा मोकळी आहे; वरचा उजेड थेट खाली उतरतो. कवळ्याचे देवालय शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७३८ च्या सुमारास, उभे राहिले. तेथे घुमट गाभाऱ्यावर आहे; पण गाभाऱ्याचा अंधार आणि एकांत मोडलेला नाही. देव कोठे आहे हे दुरून सांगण्याचे शिखराचे काम घुमटाकडे आले, एवढेच. विजापूरच्या आदिलशाहीमुळे घुमट या मुलखास अपरिचितही नव्हता. दीपस्तंभाचेही तसेच. दीपमाळ घाटावरची जुनी. तिला येथील कारागिरांनी इगर्जीच्या घंटाघरासारखे मजले दिले. जेथून नाद घुमावा त्या आकारातून ज्योती दिसू लागल्या. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ उत्सवाच्या रात्री पाहिलेल्यास हे वेगळे सांगावयास नको. आणि सभामंडपावरील उतरते कौलारू छप्पर तर सरळ घरांवरून आले, कारण कोकणचा पाऊस घर आणि देऊळ असा भेद जाणत नाही.

त्या अनाम कारागिरांनी शिल्पशास्त्राच्या कुंपणाबाहेर डोळे उघडे ठेवून पाहिले. परंतु जे घेतले त्यास आपल्या पूजाविधीच्या कामास लावले. कल्पकता म्हणतात ती हीच.

आज काय दिसते? जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक ठिकाणी जुने मंडप उतरवून सिमेंटचे स्लॅब पडतात आणि दूरच्या प्रांतातील शिखराची प्रतिकृती वर बसविली जाते. गळतीची आणि गर्दीची अडचण खोटी नाही. पण त्या शिखराने दोहोंपैकी एकही सुटत नाही. ही उचल देवळावरून देवळावर होते, म्हणून ती कोणास खुपत नाही. आमच्या मते खरे अनुकरण ते हेच. इगर्जीकडून घेतलेला घुमट आपला झाला; देवळाकडूनच घेतलेले शिखर परके राहिले.

आकार कोठून आला, याची चौकशी इतिहासकारांनी खुशाल करावी. देवस्थानच्या महाजनांनी मात्र, पहिला चिरा काढण्यापूर्वी, एवढेच विचारावे: नवा आकार येथे कोणते काम करणार आहे? उत्तर मिळेपर्यंत जुना घुमट उभा राहू द्यावा.