सावळ्या त्वचेतला सोनेरी रंग

डर्मोस्कोप म्हणजे खिशात मावणारं, दिवा जोडलेलं भिंग. ते साधारण दहापट मोठं दाखवतं. त्याखाली गालावरचा एक जुना चट्टा आहे असं समजा. तो दुखत नाही, वर्षानुवर्षं कडेकडेनं सरकत राहतो. हा त्वचेचा क्षय, त्याचं वैद्यकीतलं नाव ल्यूपस व्हल्गॅरिस.

गोऱ्या त्वचेवर हे चित्र चटकन वाचता येतं. पिवळ्या-नारिंगी पटावर फांद्या फुटलेल्या लाल केशवाहिन्या दिसतात. क्षयाच्या जंतूंना घेरणाऱ्या पेशींचे पुंजके त्वचेच्या आतल्या थरात दाटतात, त्यातून तो पिवळा-नारिंगी रंग येतो. तेच पुंजके वाहिन्यांना वर रेटतात, म्हणून लाल रेघा.

सावळ्या त्वचेत मात्र वरच्या थरातलं मेलॅनिन या चित्रावर तपकिरी जाळी धरतं. लाली जांभळट होते, बारीक वाहिन्या लपतात. लाल शोधायची सवय झालेला डोळा इथं रिकाम्या हातानं परततो. पण जाळीच्या फटींतून सोनेरी रंग झिरपत असतो, आणि या चित्राचा खरा जीव त्यातच आहे.

तो पाहायला दोन स्पर्श लागतात. भिंग अलगद टेकवलं, तर उरल्यासुरल्या वाहिन्या दिसतात. जरा दाबलं, की वाहिन्यांतलं रक्त सरतं आणि मागचा सोनेरी रंग उजळून वर येतो. पुस्तकं त्याला सफरचंदाच्या जेलीची उपमा देतात. सातपुड्यात मला ती परकी वाटते. अंगणात वाळत पडलेल्या मोहफुलांचा मधाळ तपकिरी रंग आठवा, तो जास्त जवळचा आहे.

आता नजर मध्यावरून कडेला न्या. मध्यभागी पांढऱ्या, चकाकत्या रेघा दिसतात. तिथं रोग व्रण सोडून पुढं गेला आहे. सोनेरी ठिपके कडेला आहेत, रोग आज तिथं आहे. तपासणीसाठी त्वचेचा तुकडा घ्यायचा तो याच कडेचा. एका इंचात आजाराचा भूतकाळ आणि वर्तमान शेजारी मांडणारी ही रचना मला थक्क करते.

त्वचेच्या रंगांची प्रसिद्ध फिट्झपॅट्रिक वर्गवारी १९७५ मध्ये गोऱ्या त्वचेपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग मागाहून आले. आपल्याकडे बागलकोटच्या डॉ. बालचंद्र अंकड यांच्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञांनी सावळ्या त्वचेची डर्मोस्कोपी मन लावून अभ्यासली, याचं मोल म्हणूनच मोठं.

हे लिहिताना डोळ्यांपुढं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आहे. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात आधी याच गावात शिरलं. नर्मदाकाठच्या अशा गावांसाठी जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालतो. सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा नावेत चढवणं अवघड, हे भिंग मात्र डॉक्टरच्या खिशातून सहज जातं.

भिंग निदानाचा शेवटचा शब्द नव्हे. कुष्ठरोगात, सार्कॉइडोसिसमध्ये, लेशमॅनियासिसमध्येही असाच पिवळा-नारिंगी रंग दिसतो. म्हणून बधिरपणा तपासावा, तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा. पण कोणत्या रुग्णाला पुढच्या तपासणीला पाठवायचं आणि तुकडा कुठला घ्यायचा, हे भिंग सांगतं.

महिनोन्‌महिने न भरणारा चट्टा अंगावर असेल, तर तो दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. त्वचेचा क्षय बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात क्षयाचं औषध मोफत मिळतं.